सप्रे यांच्या नावाचा दिवा

वासुदेवराव सप्रे यांनी यंदाची दिवाळी साधी करायची ठरवली ती निव्वळ भीतीपोटी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे बँकेत आणि गल्लीत ते या निर्णयाला 'वैचारिक' म्हणत हिंडत होते. विचाराचा त्यात काडीचा संबंध नव्हता. गेल्या दिवाळीत आकाशकंदील टांगायला ते स्टुलावर चढले, हात खिळ्यापर्यंत पोचला आणि छातीत असं काही धडधडलं की कंदील पोटाशी धरून ते स्टुलावरच खाली बसले. चौकातल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "सप्रेजी, त्योहार का इतना टेन्शन मत लीजिए. नहीं तो..."

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनवर मेव्हण्याच्या लग्नाचं बोलणं निघालं, ते काही आटपेना, आणि कंपाउंडरनं पुढचा रोगी आत घेतला. त्या 'नहीं तो'च्या पुढे काय, हे वासुदेवरावांना कळलंच नाही. वर्षभर ते वाक्य ते स्वतःच पुरं करून पाहत होते. एकदाही ते चांगलं संपलं नाही.

मुळात माणूस भित्रा. बँकेत अधिकारी, पण सही करताना आजूबाजूला बघणारा. अमरावतीहून बनारसला बदली झाली तेव्हा निरोपाच्या चहाला एक सहकारी म्हणाला होता, "भाग्यवान आहात राव. लोक जिथं शेवटी जातात तिथं तुम्ही ड्युटीवर चाललात!" सगळे हसले. वासुदेवराव हसले नाहीत. त्यात घर मिळालं दुर्गाघाटावर, मोटार सोडाच, दोन माणसंही शेजारून धड जाणार नाहीत अशा गल्लीत. त्या गल्लीतून अधूनमधून 'राम नाम सत्य है' करत मंडळी मणिकर्णिकेच्या स्मशानाकडे निघत. अशा वेळी वासुदेवराव हातातला घास ताटात ठेवून, ती मंडळी वळणाआड जाईपर्यंत स्वतःची नाडी मोजत.

तर त्या साली कोजागिरी शनिवारी आली. गच्चीत दुधाचे पेले रिकामे झाल्यावर वासुदेवरावांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "यंदा दिवाळी साधी. तळण नाही, भेटीगाठी नाहीत, कंदील नाही. ब्रँच मॅनेजरच्या घरच्या पत्त्यांना जाणं नाही." शेवटचं वाक्य जरा खालच्या आवाजात आलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मॅनेजरसाहेबांकडे सगळ्या स्टाफनं तीन पत्ती खेळायला जमायचं आणि साहेबांना जिंकू द्यायचं, असा ब्रँचचा रिवाज होता. वासुदेवरावांना हरायला काही वाटत नसे. पण चुकून जिंकलो तर काय, या धास्तीनं त्यांना आदल्या दिवसापासून जेवण जात नसे.

"म्हणजे कुछ भी नहीं?" मुक्तानं विचारलं. ही त्यांची कॉलेजात जाणारी कन्या. काशीत आल्यापासून तिचं मराठी दर दोन शब्दांनी हिंदीच्या घरी पाणी प्यायला जायचं.

शरदिनीबाई मात्र पेले गोळा करत म्हणाल्या, "बरं झालं. सुटले एकदाची." नवऱ्याचं एखादं धोरण घरात पहिल्या झटक्यात मंजूर होण्याची ही लग्नानंतरची पहिलीच वेळ. खरं तर तिथंच वासुदेवरावांनी सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पंचगंगा घाटावर फिरायला गेले. मन मोकळं होतं, पण एक बोच होती ती कंदिलाची. दिवाळीत घराण्याचा एक दिवा उंचावर लागला नाही, असं सप्र्यांकडे कधी झालं नव्हतं. न लावावा तर अपशकुनाची भीती, लावावा तर स्टुलाची. अशा कात्रीत सापडून ते पायऱ्या उतरत होते, तर समोर उंच उंच बांबू रोवलेले. प्रत्येकाला दोरी, दोरीला टोपली. खाली आपल्या छत्रीखाली बच्चा गुरू टोपल्या पुसत बसलेले. हे तिथले घाटिये, म्हणजे घाटावर बसून यात्रेकरूंचे संकल्प सांगणारे ब्राह्मण.

"ये क्या है, गुरुजी?"

"आकाशदीप, बाबूजी. आज से कातिक भर जलेगा, रोज साँझ को."

उत्तरेकडचा कार्तिक आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी लागतो, हे वासुदेवरावांना माहीत होतं. आकाशदीप म्हणजे आकाशकंदील, हेही त्यांना माहीत होतं. यातलं पहिलं बरोबर होतं.

"चढ़ाएगा कौन?"

"हम."

"और बुझ गया तो?"

"फिर जलाएँगे."

वासुदेवरावांना अगदी भरून आलं. स्टूल नाही, खिळा नाही, वात नाही, वायर नाही. सगळी धडधड दुसऱ्याच्या छातीत. "लगा दीजिए हमारा भी एक," ते म्हणाले आणि आनंदाच्या भरात कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "इस साल हमारे घर दिवाली नहीं है. सब बंद."

बच्चा गुरूंचा हात थांबला. "अरे राम राम! कब की बात है?"

"कल रात की. एकदम अचानक."

"बीमार थे?"

"बी.पी. तो था ही. डॉक्टर बोले थे, इतना बोझ मत लो."

"और घर में? सब सँभले हैं?"

"सँभलना क्या है उसमें! मिसेस तो बोली, अच्छा हुआ, छूट गयी."

बच्चा गुरूंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. घाटावर आयुष्य गेलेलं, नाना तऱ्हेची घरं पाहिलेली. "जमाना ही ऐसा है," ते शेवटी म्हणाले. "किसके नाम से चढ़ाएँ?"

आता, बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला तर तो काय सांगणार? ज्याचं काम त्याचं नाव. "वासुदेव गणेश सप्रे," त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि गोत्रही दिलं. घरी येऊन त्यांनी दुपारची झोप काढली ती थेट रात्रीच्या जेवणालाच उठले. वर्षभरात त्यांना इतकी गाढ झोप लागली नव्हती.

बच्चा गुरूंची एक स्वतःची पद्धत होती. दिवा वर चढवताना ते ज्याच्या नावाचा दिवा त्याचं नाव मोठ्यानं पुकारत. मोठ्यानं म्हणजे दुर्गाघाटापर्यंत. रविवारी संध्याकाळी सप्रे झोपेत असताना त्यांचं संपूर्ण नाव गंगेवरून घुमलं.

सोमवारी वासुदेवरावांना बँकेत पोचायला उशीर झाला, कारण जाताना ते वाट वाकडी करून आपला बांबू दिवसाउजेडी बघून आले. आत शिरले तर काउंटरवर चिटपाखरू नाही. सगळा स्टाफ त्यांच्याच खुर्चीभोवती माना खाली घालून उभा. कुणीतरी गेलं, हे त्यांनी ओळखलं. अशा प्रसंगी खाकरणंही बरं दिसत नाही, म्हणून ते चपळाईनं मागच्या रांगेत शिरले, डोळे मिटले आणि मनोभावे उभे राहिले. शांतता संपल्यावर शेजारच्या तिवारींना त्यांनी हळूच विचारलं, "कौन गये?"

तिवारींनी डोळे उघडले, बाजूला पाहिलं आणि "हे महादेव!" म्हणून पासबुकांच्या गठ्ठ्यावर बसले.

गोंधळ मिटायला चहाची एक फेरी लागली. स्टाफला आनंद झाला असं म्हणायला हवं, पण अर्धी सुट्टी मिळेल म्हणून काही जणांनी टिफिन बांधून तयार ठेवले होते, त्यांचे चेहरे पडलेले वासुदेवरावांच्या नजरेतून सुटले नाहीत. मग तिवारी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "कल साँझ पंचगंगा पर हमने अपने कान से सुना. आकाशदीप चढ़ रहा था, आपके नाम का."

"हाँ, तो? हमने ही लगवाया."

"सप्रेजी," तिवारींचा आवाज खाली गेला, "आकाशदीप तो उनके लिए होता है जो चले गये. ऊपर रास्ता दिखे, इसलिए."

वासुदेवरावांनी खुर्ची धरली. छातीत धडधडलं ते स्टुलावर धडधडलं होतं तसंच, अगदी ओळखीचं. डॉक्टरांचं वर्षभर लोंबकळलेलं वाक्य पुरं झालं होतं, आणि तेही त्यांनी स्वतःच्या तोंडानं, नाव-गोत्रासकट.

संध्याकाळी ते थेट शेजारी गेले. शेजारी म्हणजे बिंदुमाधवशास्त्री. पाच पिढ्या काशीत, घरात पोथ्या आणि दारात सल्ला विचारायला येणाऱ्यांच्या चपला कायम. शास्त्रीबुवांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरायची थांबवली आणि म्हणाले, "हं."

वासुदेवराव त्या 'हं'ला जितके घाबरले तितके मणिकर्णिकेलाही घाबरले नव्हते.

"उतरवून घेतो उद्या," ते म्हणाले.

"तसं कसं? एकदा चढला की पौर्णिमेपर्यंत. मध्येच उतरवला तर ज्याच्या नावाचा आहे तो मध्येच..." शास्त्रीबुवांनी पुन्हा सुपारी घेतली. काशीत वाक्य पुरं करायची कुणाला सवयच नसावी.

"पण शास्त्रीबुवा, मी जिवंत आहे!"

"तीच तर गडबड आहे ना. गेलेला असता तर काही चिंता नव्हती." मग त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. "आणि हे बघा, तसा दिवा चाललाय तोवर घरात कढई चढवू नये. तळण वर्ज्य."

"ते तर आम्ही आधीच वर्ज्य केलंय!"

"हं," शास्त्रीबुवा पुन्हा म्हणाले. "म्हणजे कसं सगळं जुळून येतंय बघा."

आतून त्यांच्या पत्नीचा, पद्माकाकूंचा आवाज आला, "अहो, एवढं काय त्यात? नाव बदली करून घ्या म्हणावं!"

सगळ्या काशीत पहिला शहाणपणाचा शब्द, असं मनाशी म्हणत वासुदेवराव दुसऱ्या दिवशी बँक सुटताच पंचगंगेवर पोचले. बच्चा गुरूंनी त्यांना ओळखलं. गैरसमज समजावून सांगितल्यावर ते आधी घाबरले, मग हसले, मग पुन्हा घाबरले. "बदल देंगे, बाबूजी," ते म्हणाले. "इसमें क्या है. दूसरा नाम बताइए."

"दूसरा?"

"खाली तो नहीं चढ़ा सकते न. किसका डालें?"

वासुदेवराव पायरीवर बसले. नाव तर हवं. वडिलांचं सांगावं तर वडील अमरावतीत ठणठणीत, रोज सकाळी चालायला जातात. थोरल्या भावाचं? त्याला तीन मुली. मॅनेजरसाहेबांचं नाव इतक्या सहज जिभेवर आलं की त्यांना स्वतःचीच भीती वाटली आणि त्यांनी जीभ दातांखाली धरली. त्यानंतर एक नाव आलं ते इथं न सांगितलेलंच बरं. खरोखर गेलेल्या आजोबांचं नाव सुचायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला मेलेली माणसं आठवत नाहीत, फक्त जिवंतच आठवतात. बराच वेळ गंगेकडे बघून ते उठले आणि म्हणाले, "रहने दीजिए. वही चलने दीजिए."

घरी शरदिनीबाईंनी विचारलं, "मग? कुणाचं नाव सांगितलंत?"

"कुणाचंच नाही."

"आमच्या आईचं तर नाही ना?"

"आलं होतं," वासुदेवराव म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. "पण बाहेर नाही पडलं."

शरदिनीबाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी नुसतं पाण्याचं भांडं पुढं केलं.

त्या दिवसापासून ज्या माणसानं दिवाळीची दगदग नको म्हणून एक कंदील सोडला होता, तो रोज संध्याकाळी पंचगंगेच्या छाती फोडणाऱ्या पायऱ्या उतरू-चढू लागला. दिवा विझला तर आता आपलं काय, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. न विचारताच त्यांना ते कळलं होतं. खिशात काड्यापेटी, पिशवीत तेलाची बाटली. वारा सुटला की ते मान वर करून उभे राहत. इतर दिवे निवांत जळत, एकच टोपली हेलकावे खाई, आणि ती नेमकी त्यांचीच असे, निदान त्यांना तसं वाटे. घाटावरच्या आलमगिरी मशिदीच्या भिंतीमागून वाऱ्याची झुळूक आली की ते दोन्ही हात वर करत, जणू पंचवीस हात उंचावरच्या ज्योतीला आडोसा देताहेत. यात्रेकरूंना वाटे, हा कुणी साधक असावा. एका बंगाली बाईंनी त्यांना वाकून नमस्कारही केला.

आणि बँकेत नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा महिना. प्रत्येक पेन्शनरानं समोर येऊन आपण जिवंत असल्याचं दाखवायचं आणि अधिकाऱ्यानं तसा दाखला द्यायचा. हा अधिकारी गेली दोन वर्षं वासुदेवराव होते. यंदा पहिल्याच दिवशी रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले. "सप्रे साहब आप ही हैं?"

"जी."

"आपका दिया तो हम रोज देखते हैं." आजोबांनी आपला कागद मागे ओढला. "बुरा मत मानिएगा. लेकिन जिन्दा होने का सर्टिफिकेट हम आपसे नहीं लेंगे. किसी और से करवा दीजिए."

रांगेतल्या सगळ्यांना ते पटलं. एक आजीबाई म्हणाल्या, दिवंगताची सही पेन्शनवर चालते का, हे आधी वरच्या ऑफिसला विचारावं लागेल. मॅनेजरसाहेबांनी खरंच वरच्या ऑफिसला विचारलं. वरच्या ऑफिसनं कळवलं, की सप्रे यांनी आपण हयात असल्याचा दाखला एखाद्या राजपत्रित अधिकाऱ्याकडून आणून फायलीला जोडावा. वासुदेवरावांनी तो आणला. तेव्हापासून ते दुपारी डबा खाण्याआधी फाईल उघडून तो एकदा वाचत. अक्षर ठळक होतं, शिक्का नीट उमटला होता, तरी धीर येत नसे.

गल्लीत तर वेगळाच प्रकार. सप्र्यांकडे दिवा लागलाय, कढई चढत नाही, तेव्हा दुःखाचं घर, असं गल्लीनं धरून चाललं. कोण गेलं हे कुणी विचारलं नाही. विचारणं बरं दिसत नाही. आपल्यात रीतच आहे, ज्या घरी वर्ष धरलेलं असतं तिथं फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात. वसुबारसेपासून डबे येऊ लागले. पद्माकाकूंच्या चकल्या आणि चिवडा, कोपऱ्यावरच्या गुप्तांकडून गुजिया, म्हणजे तिकडच्या करंज्या, ब्रह्माघाटाच्या बाजूनं कुणाकडून तरी शंकरपाळे. आणणारी बाई दारातच डबा देऊन शरदिनीबाईंच्या पाठीवरून हात फिरवी आणि डोळे टिपत निघून जाई. मुक्ता तर खूष. "बाबा, इतनी बढ़िया दिवाळी तो कभी हुई ही नहीं!" असं ती तोंडात गुजिया कोंबून म्हणाली. वासुदेवरावांच्या घशाखाली मात्र काही उतरेना. तेराव्याचं जेवण जेवल्यासारखं वाटे, आणि तेही आपलंच.

"आपणच काहीतरी करू या," एकदा ते काकुळतीला येऊन म्हणाले. "अनारसे कर. कंदील लावू. रांगोळी मोठी काढ. निदान लोकांना कळेल की मी आहे."

"मी सुटलेय," शरदिनीबाई म्हणाल्या. "तुम्हीच सोडवलंत. आणि शास्त्रीबुवांनी कढई वर्ज्य सांगितलीय." धोरण वासुदेवरावांचंच होतं.

धनत्रयोदशीला अपमृत्यू टळावा म्हणून यमाच्या नावानं दक्षिणेकडे तोंड करून कणकेचा दिवा लावतात. एरवी वासुदेवराव या दिव्याकडे ढुंकूनही बघत नसत. यंदा त्यांनी दुपारीच कणीक मळायला घेतली. आता दक्षिण कुठली? एरवी गंगेवरून दिशा कळावी, तर इथं गंगा उलटी, उत्तरेकडे वाहणारी. दोनदा दिवा फिरवल्यावर दक्षिण सापडली आणि त्यांच्या ध्यानात आलं की दिवा नाकासमोर मणिकर्णिकेकडे बघतोय. यमानं डोकं वर केलं असतं तर सप्र्यांची खिडकीच दिसली असती. आपण टाळायला म्हणून दिवा लावतोय की पत्ता कळवायला, हे त्यांना कळेना. ते दिव्याशी बसून राहिले. शरदिनीबाईंनी येऊन त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, थोडा वेळ शेजारी बसल्या, आणि मग पायात चपला अडकवून कुठंतरी जाऊन आल्या. कुठं, ते वासुदेवरावांनी विचारलं नाही. त्यांचं लक्ष वातीकडे होतं.

आणि लक्ष्मीपूजन आलं. घरातल्या घरात हळदकुंकू वाहून पूजा झाली. मुक्ता शास्त्रीबुवांच्या गच्चीत फुलबाज्या उडवायला गेली. दिवेलागणीच्या सुमाराला वासुदेवरावांच्या कानावर पहिला सुर्रर्र आवाज आला आणि त्यांना इतके दिवस न सुचलेली गोष्ट सुचली. रॉकेट! सगळ्या गच्च्यांवरून आता रॉकेटं सुटणार, आणि एखादं नेमकं त्या टोपलीत जाणार. ते तसेच उठले. स्वेटर उलटा घातला आणि गल्लीतून पळत सुटले. रस्त्यात गाय बसलेली होती तिला ओलांडून, फटाक्यांची माळ लागत होती तिच्या कडेकडेनं, छातीवर एक हात दाबून ते पंचगंगेच्या पायऱ्यांवर आले तेव्हा बच्चा गुरूंचा आवाज लागलेला होता.

"वासुदेव गणेश सप्रे के निमित्त!"

टोपली वर गेली. ज्योत सरळ उभी होती. वासुदेवरावांनी श्वास सोडला. तेवढ्यात गुरूंनी शेजारच्या बांबूची दोरी हातात घेतली आणि तितक्याच जोरात पुकारलं,

"शरदिनी वासुदेव सप्रे के निमित्त!"

आता मात्र वासुदेवराव पायरीवर मटकन बसले. घरी तर आत्ता ठीक होती! पूजा केली, निरांजन ओवाळलं... घरातून निघताना आपण तिच्याकडे पाहिलं का? त्यांना आठवेना. आठवेना म्हणून रडू यायला लागलं. स्वतःच्या नावाला ते इतके दिवस घाबरत होते, पण या दुसऱ्या नावानं जे झालं त्याच्यापुढं ते काहीच नव्हतं.

"गुरुजी! ये क्या? कब? क्या हुआ उसको?"

"हमको क्यों डाँटते हैं?" बच्चा गुरू कानकोंडे होऊन म्हणाले. "धनतेरस को बहूजी खुद आकर कह गयीं, दिवाली की साँझ से चढ़ाना. हमने बहुत मना किया. वो देखिए, बैठी तो हैं."

चार पायऱ्या खाली, शाल पांघरून, मांडीवर पद्माकाकूंचा डबा घेऊन शरदिनीबाई बसल्या होत्या. जवळच्या वाटेनं, मागच्या बोळातून त्या आधीच येऊन पोचलेल्या. वासुदेवराव बसल्या बसल्याच पायऱ्या उतरत त्यांच्यापाशी गेले आणि त्यांनी आधी त्यांचा हात धरून बघितला. गरम होता.

"अगं, हे काय करून बसलीस?"

"तुम्ही एकटेच लटकत होता तिथं," शरदिनीबाई म्हणाल्या. "रोज इकडं पळता. मी घरात कान देऊन बसते. नाव ऐकू आलं की म्हणते, चला, आजचा दिवस गेला. कंटाळा आला हो मला त्याचा. म्हटलं, जायचंच असेल तर दोघांचं एकदम जाऊ दे."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटते की. तुम्ही स्टुलावर बसलात ना गेल्या साली, तेव्हापासून वाटते." त्या डब्याचं झाकण उघडत होत्या, ते उघडेना. "रात्री तुम्ही झोपलात की मी नाकाशी हात धरून बघते. घोरायला लागलात की मग झोपते. दिवाळी साधी करू म्हणालात तेव्हा सुटले म्हटलं, ते काय तळणातून सुटले म्हणून?"

वर्षभर वासुदेवरावांना वाटत होतं की या घरातली सगळी भीती आपल्या एकट्याच्या नावावर आहे. त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून दिलं आणि नाक पुसलं. वर दोन टोपल्या शेजारी शेजारी हलत होत्या. एक रॉकेट त्यांच्या अगदी जवळून गेलं आणि नदीत पडलं. त्यांनी हात वर केले नाहीत.

"सप्रेजी! ओ सप्रेजी!" वरून तिवारी धापा टाकत आले. नवा कुर्ता, कपाळाला टिळा. "आप यहाँ बैठे हैं? साहब के यहाँ पत्ते बँट गये. सब आ गये, आप ही नहीं हैं. साहब पूछ रहे हैं. चलिए जल्दी, नहीं तो..."

तिवारींना दम लागला म्हणून ते थांबले. वासुदेवराव वाट बघत राहिले. हे वाक्य शेवटपर्यंत ऐकावं असं त्यांना वर्षभरात प्रथमच वाटत होतं.

"नहीं तो क्या, तिवारीजी?"

तिवारी विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नसावा. त्यांनी डोकं खाजवलं, गंगेकडे पाहिलं, वर दिव्यांकडे पाहिलं.

"नहीं तो..." ते म्हणाले, "कुछ नहीं. हम लोग खेल लेंगे."

"तो साहब से कह दीजिए," वासुदेवराव म्हणाले, "सप्रेजी नहीं रहे. मिसेस भी नहीं रहीं. वो देखिए, दोनों के दिये जल रहे हैं."

तिवारींनी कानाला हात लावले, 'महादेव, महादेव' म्हटलं आणि मग हळूच स्वतःही एक पायरी खाली येऊन, डब्यातली एक चकली उचलून निघून गेले.

"जरा कडक झाल्यात," शरदिनीबाई चकली मोडत म्हणाल्या. "काकूंचं मोहन कमी पडलं."

"असू दे," कैलासवासी वासुदेवराव म्हणाले आणि त्यांनी दुसरी घेतली.